मदत कोणाच्या दप्तरातून जाते?

परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली. १९६१ पासून तिचे काम चालू होते. जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस गोठवली, मार्चमध्ये ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले, आणि उरलेसुरले त्यांच्या खात्यात सामावून घेतले गेले. ब्रिटनही २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. आपल्याकडे यावर बोलणे झाले ते दोन टोकांनी. कोणी म्हणाले, बरे झाले, मदतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ चालली होती. कोणी म्हणाले, आता त्या गरीब देशांनी जायचे कुठे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण इतकी वर्षे ओतलेल्या या पैशाने त्या देशांत मागे काय उभे राहिले, हे फारसे कोणी विचारले नाही.

एकच उदाहरण घेतो. १९८४ पासून यूएसएडच्या पैशावर डीएचएस नावाची घरोघर पाहणी नव्वदएक देशांत होत असे. किती बाळे दगावली, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, किती मुलांची वाढ खुंटली, हे त्या देशांच्या सरकारांना याच पाहणीतून कळे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती थांबवण्याचा आदेश निघाला आणि कित्येक ठिकाणी काम अर्ध्यावर पडले. पुढे काहींना दुसरीकडून तात्पुरता आधार मिळाला. पण आपली किती मुले मरतात हे मोजण्याचे काम दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असावे, ही गोष्टच मुळात विचार करायला लावणारी आहे.

आता आपल्याकडचे पाहा. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, म्हणजे एनएफएचएस, १९९२-९३ मध्ये सुरू झाली तीसुद्धा यूएसएडच्याच पैशावर. अमेरिकी तज्ज्ञांचे साहाय्यही होते. पण पहिल्या फेरीपासून ती राबवली मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेने. ही संस्था १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून काढलेली. म्हणजे तिच्या जन्मालाही परदेशी हात लागलेलाच होता. फरक इतकाच की नमुना कसा निवडायचा, प्रश्न बाईला कोणत्या शब्दांत विचारायचा, आलेला आकडा खरा की खोटा हे कसे पारखायचे, हे जाणणारी माणसे त्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिली. म्हणून अमेरिकेने हात आखडता घेतला तेव्हा आपली पाहणी कोलमडली नाही.

परदेशी मदतीने एखाद्या देशात संस्था बळकट होते की नाही, हे रकमेवर ठरत नाही. पैसा आणि निर्णय कोणाच्या दप्तरातून जातात यावर ते ठरते. माझी सारी नोकरी हिशेब लिहिण्यात आणि तपासण्यात गेली, म्हणून मी दप्तर म्हणतो. आणि हे बडोद्यात बसून लिहितो आहे, कारण या प्रश्नाच्या बऱ्यावाईट बाजू इथल्या चार-सहा मैलांत पाहायला मिळतात.

रेसकोर्सवरच्या विद्युत भवनापासून सुरुवात करू. गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जीईबीचे, हे मुख्य कार्यालय. शहरातल्या कितीतरी मराठी घरांतले कोणी ना कोणी तिथे नोकरीला असे. २००० च्या सुमारास बोर्डाचा तोटा वर्षाला दोन हजार कोटींच्या वर गेला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात आशियाई विकास बँकेने गुजरातला वीजक्षेत्राच्या सुधारणेसाठी ३५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. सोबत तेव्हा सगळीकडे लिहून दिले जाणारे औषध होते: बोर्डाचे तुकडे करा, निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळे काढा, दर ठरवायला स्वतंत्र आयोग नेमा, शेतीपंपांना मीटर बसवा.

हेच औषध चार वर्षे आधी ओडिशाने घेतले होते. तिथे जागतिक बँकेने १९९६ मध्ये कर्ज दिले तेही ३५ कोटी डॉलरचेच. ब्रिटनचे अनुदान वेगळे. ओडिशाने कायदा केला, देशातला पहिला राज्य वीज नियामक आयोग स्थापन केला, १९९९ मध्ये वितरण खासगी कंपन्यांना देऊन टाकले. कागदावर सगळे देखणे होते, बाहेरून लोक पाहायला येत. पण महाचक्रीवादळाने खांब-तारा झोपवल्यावर त्यांतली अमेरिकी कंपनी २००१ मध्ये काम सोडून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द करावे लागले. ओडिशा सरकारने नेमलेल्या कानुनगो समितीने २००१ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसले की या साऱ्या प्रवासात सल्लागारांवर ३०६ कोटी रुपये खर्च झाले होते. तितक्या पैशात वीजमंडळाचे किती अभियंते आणि लेखापाल घडले असते, याचा विचार केला की वाईट वाटते.

गुजरातनेही बोर्डाचे तुकडे केले. १ एप्रिल २००५ रोजी एकाच्या सात कंपन्या झाल्या. पण खासगीकरण केले नाही. आधी संघटनांशी करार झाले, की कोणाच्या सेवाशर्ती बिघडणार नाहीत. चढ्या व्याजाची जुनी कर्जे सावकारांशी बोलून स्वस्त करून घेतली. खासगी वीजनिर्मात्यांबरोबरचे महागडे करार पुन्हा मांडून घेतले. मग मालमत्ता, देणी, पेन्शनचा बोजा सात ठिकाणी वाटला. हे काम किती किचकट असते ते ज्याने एका कार्यालयाचा ताळेबंद दोन ठिकाणी फोडला आहे त्यालाच कळेल. प्रत्येक ट्रान्सफॉर्मर कोणाचा, प्रत्येक थकबाकी कोणाच्या खात्यात, हे ठरवायला कोठारातल्या जुन्या वह्या उघडाव्या लागतात, आणि त्या वह्यांत काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्यांनाच ठाऊक असते. बाहेरचा सल्लागार तक्ता आखून देऊ शकतो. त्यातले रकाने भरणारा माणूस आतलाच लागतो.

मीटरचे काय झाले ते तर फारच बोलके आहे. पंपावर मीटर बसवायला शेतकऱ्यांनी साफ नकार दिला, आंदोलने झाली. तेव्हा एकाच ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर, गावातली घरे, शाळा, पिठाची गिरणी आणि शेतातले पंप असत. पंपांची वेळ संपली की तीन फेजची वीज बंद करत, गावाला दिव्यापुरती ठेवत. शेतकरी कंडेन्सर लावून त्या उरलेल्या विजेवरही मोटर फिरवत. मग ट्रान्सफॉर्मर जळत, गावात दिवे मिणमिणत, गिरणी बंद. माझ्या शेजारचे एक निवृत्त डेप्युटी इंजिनिअर सांगतात, की लाईनमन रोज सकाळी निघताना कोणता ट्रान्सफॉर्मर उतरवायचा हेच विचारून निघत. यावर तोडगा निघाला तो फीडर वेगळे करण्याचा. गावाला स्वतंत्र फीडर, चोवीस तास वीज. शेतीला दुसरा, आठ तास, पण पूर्ण दाबाने आणि ठरलेल्या वेळी. आणंदला बसून गुजरातच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनीही शेतीची वीज अशी शहाणपणाने वाटून देण्याची कल्पना मांडली होती. ज्योतिग्राम या नावाने २००३ पासून तीन वर्षांत हे अठरा हजारांवर गावांत झाले, खर्च साधारण बाराशे कोटी, आणि तो मुख्यतः राज्याच्याच तिजोरीतून. शेतीला किती वीज जाते हे फीडरवर मोजता येऊ लागले, प्रत्येक पंपावर मीटरची गरज राहिली नाही.

यात सगळ्यांचेच भले झाले असे नाही. विहीर नसलेला, शेजाऱ्याकडून पाणी विकत घेणारा छोटा शेतकरी आणि वाटेकरी यांना पंपाचे तास घटल्याचा फटका बसला, तेही नोंदवले पाहिजे. पण बोर्ड तोट्यातून बाहेर आला, आणि वीस वर्षांनंतरही त्या कंपन्या आपल्या पायांवर आहेत.

मग आशियाई बँकेच्या कर्जाचा उपयोग काय झाला? माझ्या मते तीन गोष्टी मिळाल्या: थोडा अवकाश, एक मुदत, आणि राजकारण्याला एक ढाल. अप्रिय निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला 'अट आहे, करावेच लागेल' असे म्हणता येते. हे लहान साहाय्य नाही. पण अट पाळताना ती आपल्या रीतीने वळवण्याची ताकद विद्युत भवनात आधीच होती. दुखणे तेच, औषध जवळजवळ तेच, रक्कमही तीच. ओडिशाच्या वाट्याला सल्लागार आले, बडोद्याने काम घरच्या माणसांवर सोपवले.

दुधाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असे आपण धरून चालतो, पण तिचा मदतीशी असलेला संबंध क्वचितच नीट सांगितला जातो. १९७० च्या सुमारास युरोपच्या सामायिक बाजारापुढे दूध पावडरीचे आणि बटर ऑईलचे डोंगर साठले होते. हे फुकट वाटले असते तर आपल्या म्हशीवाल्याचा भाव कोसळला असता. दुग्धक्रांतीच्या पहिल्या टप्प्यासाठी जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑईल देऊ केले गेले. व्हर्गीस कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतले, पण फुकट वाटले नाही. मोठ्या शहरांतल्या डेअऱ्यांना ते बाजारभावाने विकले आणि आलेला शंभर कोटींवरचा पैसा आणंदसारखे दूधसंघ इतर राज्यांत उभे करण्यात घातला.

या विक्रीचा आणि पैशाचा हिशेब ठेवायला १९७० मध्ये इंडियन डेअरी कॉर्पोरेशन नावाची सरकारी कंपनी काढली, आणि तिचे मुख्यालय होते बडोद्यात. १९८७ मध्ये कायद्याने ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात विलीन झाली, त्यामुळे नव्या पिढीला तिचे नावही ठाऊक नाही. पण माझ्या मते साऱ्या योजनेची कळ तिथे होती. देणगी देशात शिरली की ती भारतीय कंपनीच्या खात्यात जमा होई, भारतीय लेखापरीक्षक ती तपासत, आणि ती कुठे खर्च करायची हे ठरवणारे दुधाचा धंदा जाणणारे होते. देणगीदाराला अहवाल जात असे, पण दोर त्याच्या हातात नव्हता. १९७० च्या आसपास देशाचे दूध २ कोटी २० लाख टन होते, २०२३-२४ मध्ये ते २३ कोटी ९३ लाख टन झाले. ही सगळी किमया त्या पावडरीची नाही. मूळ खेडा जिल्हा संघ १९४६ चा. शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा केला होता, युनिसेफची यंत्रे त्याच्याकडे आली ती १९५५ मध्ये. आधी माणसे एकत्र आली, मग यंत्रे. हा क्रम उलटा झाला की काय होते ते आपण जगभर पाहतो.

बडोद्याजवळच्या कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याबद्दल थोडक्यात. १९६० मध्ये परदेशी तेल कंपन्यांनी आपल्या भारतातल्या कारखान्यांत स्वस्त सोव्हिएत तेल शुद्ध करायला नकार दिला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी चालू झाली. रशियन तंत्रज्ञ काही वर्षे इथे राहिले आणि गेले. वीस लाख टनांनी सुरू झालेला तो कारखाना आज १ कोटी ३७ लाख टनांचा आहे, आणि नंतरची वाढ इथल्या अभियंत्यांच्या हातून झाली. सोव्हिएत संघच राहिला नाही, रिफायनरी राहिली. तीही मदतच होती, आणि त्यांचा त्यात राजकीय स्वार्थ होता हे उघड आहे. देणाऱ्याचा स्वार्थ असणे मला फारसे खुपत नाही. घेणाऱ्याला आपले काय साधायचे आहे हे पक्के ठाऊक असले की दुसऱ्याच्या स्वार्थातूनही काम होऊन जाते.

आणि या सगळ्याच्या आधीचे उदाहरण मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे. महाराज सयाजीरावांनी अमेरिकेत सार्वजनिक वाचनालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला नोकरीवर बोलावले. पगार दरबारचा, हुकूम दरबारचा. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी ग्रंथालय मांडलेच, पण १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्गही काढला. असा वर्ग भारतात पहिलाच. १९१३ मध्ये ते परत गेले तेव्हा खाते सांभाळायला जनार्दन सखाराम कुडाळकर तयार होते. खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे, म्हणजे शिकलेले तिथल्या तिथे खाली झिरपावे अशी सोय होती. गावात वाचनालय हवे असेल तर एक तृतीयांश पैसा गावाने उभा करायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने, उरलेला सरकारने. गावाने आपला वाटा टाकला की ते वाचनालय गावाचे होते, मग ते कोणी बंद पाडू शकत नाही. आजही त्या इमारतीत लोखंडी मांडण्यांमधल्या काचेच्या फरशांवरून चालताना खालच्या मजल्यावरच्या माणसाची हालचाल दिसते. पण मला त्या फरशांपेक्षा तो तिसरा हिस्सा अधिक मोलाचा वाटतो. 'क्षमताविकास' म्हणून आज ज्या गोष्टीवर जाडजूड अहवाल निघतात, ती बडोदे संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी तीन ओळींच्या नियमात बसवली होती.

उलट बाजूही मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी नगरपालिकांच्या लेखा विभागांसाठी परदेशी साहाय्याची एक कार्यशाळा होती, द्विनोंदी पद्धत शिकवण्याची. वातानुकूलित हॉल, छापील फोल्डर, दोन दिवस व्याख्याने, शेवटी सर्वांचा फोटो. नंतर एका छोट्या पालिकेत तपासणीला गेलो. संगणकावर नवी प्रणाली होती, सगळे आकडे जिथल्या तिथे. कारकुनाला एक जुनी नोंद उघडून दाखवायला सांगितली तर तो म्हणाला, साहेब, पासवर्ड प्रोजेक्टच्या मुलाकडे आहे, तो आता मंगळवारी येईल. आणि टेबलाच्या खणातून त्याने हाताने लिहिलेला रोजमेळ काढला. खरा हिशेब तिथे होता. प्रशिक्षण घेऊन आलेल्या लेखापालाची दरम्यान बदली झाली होती. वर्षभराने प्रकल्प संपला, तो मुलगा गेला, आणि प्रणाली तशीच गोठून राहिली. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. शिकवल्याचा अहवाल मात्र गेला होता.

हेच मोठ्या प्रमाणावर अफगाणिस्तानात झाले. अमेरिकेने तिथल्या पुनर्उभारणीवर वीस वर्षांत साधारण १४५ अब्ज डॉलर घातले. मंत्रालयांत देणगीदारांच्या पगारावरचे सल्लागार बसले. त्यांचा पगार सरकारी अधिकाऱ्याच्या कितीतरी पट. साहजिकच शिकलेला माणूस शाळा सोडून दुभाष्या झाला, खाते सोडून प्रकल्पात गेला. एका सरकारच्या आत दुसरी नोकरशाही उभी राहिली आणि खरी पोकळ होत गेली. सैन्य आणि पोलीस मिळून संख्या कागदावर तीन लाख. त्यातले कित्येक शिपाई फक्त पगारपत्रकात होते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले तेव्हा त्या कागदाची किंमत जगाने पाहिली. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर आलेल्या मदतीतला एक टक्काही सुरुवातीला तिथल्या सरकारच्या हाती गेला नाही. सरकार दुबळे म्हणून त्याला वगळायचे, आणि वगळल्यामुळे ते आणखी दुबळे, हे चक्र तिथे अजून थांबलेले नाही.

देणाऱ्यांना हे कळत नाही असे नाही. २००५ मध्ये पॅरिसला शंभरावर देशांनी आणि संस्थांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की यापुढे घेणाऱ्या देशाची योजना, त्याची तिजोरी आणि त्याचीच लेखापद्धती वापरू. २०१० पर्यंतची १३ उद्दिष्टे ठरली होती. हिशेब झाला तेव्हा जागतिक पातळीवर एकच पूर्ण झालेले निघाले. कारण साधे आहे: आपल्या करदात्याला उत्तर द्यायचे असते, आणि आपली पाटी लावलेली इमारत दाखवणे सोपे असते. टांझानियाने याला कंटाळून एक चांगली रीत पाडली. अंदाजपत्रक तयार होण्याच्या महिन्यांत देणगीदारांच्या पथकांनी येऊ नये, अधिकाऱ्यांना काम करू द्यावे, असे सांगून टाकले. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बोत्स्वानाने तर नियमच केला, की राष्ट्रीय योजनेत नसलेला प्रकल्प घ्यायचा नाही, मग देणारा कोणी का असेना. परदेशी अधिकारी त्यांनी भरपूर ठेवले, घाईने काढले नाहीत, पण ते सरकारी पदावर आणि सरकारी वरिष्ठाच्या हाताखाली. सुरुवातीला चालू खर्चासाठीसुद्धा ब्रिटनच्या अनुदानावर असलेल्या त्या देशाला १९७२-७३ नंतर ते लागले नाही. हिरे सापडले म्हणून, असे कोणी म्हणेल. पण हिरे सिएरा लिओनमध्येही होते, तिथे हे घडले नाही.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे. पैसा सरकारी तिजोरीतून गेला तर चोरीला जाईल. जाईल, काही भाग नक्की जाईल. पण प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यातून गेला म्हणून तो वाचतो, हेही खरे नाही. तिथली गळती पगार, गाड्या आणि सल्लाशुल्काच्या रूपाने होते आणि ती कायदेशीर असल्यामुळे कोणाला दिसत नाही. सरकारी दप्तरातली चोरी निदान त्या देशाच्या महालेखापालाला पकडता येते, विधिमंडळात त्यावर बोलता येते, वर्तमानपत्र छापू शकते. पकडायची सवय लागणे हीच तर संस्था घडण्याची सुरुवात. ज्या पैशाचा हिशेब नागरिकांनी मागायचाच नाही, त्या पैशाने नागरिक आणि सरकार यांच्यात कोणते नाते तयार होणार?

दुसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मानतो. संस्था उभ्या राहीपर्यंत सगळीच मदत थांबू शकत नाही. एचआयव्हीच्या औषधांसाठी अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या पेपफार कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असे अमेरिकी सरकारच सांगत आले आहे. ती औषधे कोणत्या मार्गाने गेली हे त्या औषधांवर जगणाऱ्या आईला विचारून उपयोग नाही. भूक, साथ, भूकंप यांत मदत मिळेल त्या वाटेने पोचली पाहिजे, आणि २०२५ मध्ये ती ज्या तऱ्हेने एका रात्रीत तोडली गेली ते क्रूर होते. माझा आग्रह एवढाच, की जीव वाचवण्याच्या मदतीला संस्थाबांधणीचे लेबल लावू नये. संस्था बांधायची तर वेळ वेगळा लागतो, दहा-पंधरा वर्षांचा, आणि पैसा थोडा, पण न चुकता लागतो. करवसुली, नोकरभरती, लेखापरीक्षण, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे दप्तर अशा कंटाळवाण्या कामांवर तो जावा लागतो. रवांडाच्या करवसुली प्राधिकरणाला ब्रिटनने १९९७ नंतर असे दीर्घ साहाय्य केले. आज तो देश आपल्या करातून जे कमावतो त्यापुढे ती मदत किरकोळ आहे.

हे सारे आता आपल्याला लागू आहे, कारण आपण देणारे झालो आहोत. २००३ मध्ये भारताने बहुतेक छोट्या देणगीदार देशांना आता मदत नको असे सांगितले. आयटेक नावाचा आपला प्रशिक्षण कार्यक्रम तर १९६४ पासून चालू आहे आणि १६० च्या आसपास देशांचे अधिकारी त्यात येतात. आपल्या लालबागच्या प्रतापविलास राजवाड्यात रेल्वेची अकादमी आहे, तिथेही परदेशी रेल्वेचे अधिकारी शिकायला आले आहेत. चांगलेच आहे. पण दोन-चार आठवड्यांचा वर्ग, प्रमाणपत्र आणि फोटो, पुढे त्या माणसाचे काय झाले याचा माग नाही. वर वर्णन केलेल्या कार्यशाळेचे दुखणे इथेही आहे. आफ्रिकेतल्या देशांना आपण सवलतीची कर्जे देतो तेव्हा साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. काबूलमध्ये आपण संसदेची सुंदर इमारत बांधून दिली, २०१५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. सहा वर्षांत त्या देशात संसदच उरली नाही.

भूतानच्या बाबतीत आपण वेगळे वागलो होतो. १९६१ ची त्यांची पहिली पंचवार्षिक योजना पूर्णपणे भारताच्या पैशावर होती. चुखा जलविद्युत प्रकल्प आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधला, १९९१ मध्ये त्यांच्या हवाली केला, आणि आज त्यांची वीज त्यांचेच अभियंते चालवतात, आपल्याला विकतात. शेजार, राजकारण, सुरक्षा ही कारणे त्यात होतीच. तरी रीत बरोबर होती. मोझांबिकला किंवा मलावीला देताना ती रीत आपण का सोडतो? दरवर्षी फेब्रुवारीत परराष्ट्र खात्याच्या मागण्या लोकसभेपुढे येतात, त्यात इतर देशांना द्यायच्या रकमा देशवार छापलेल्या असतात. तो तक्ता बडोद्याच्या खासदारांनी उघडावा आणि विचारावे, की यातली किती रक्कम त्या देशाच्या अंदाजपत्रकात दाखवली जाते, तिचे लेखापरीक्षण तिथला महालेखापाल करतो की नाही, आणि पाच वर्षांपूर्वी आपण शिकवून पाठवलेले अधिकारी आज कोणत्या टेबलावर बसले आहेत.